सिम्युलेशन आणि मोजमाप: किती जुळायला हवं, आणि जुळलं नाही तर कुठे बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १.६ मिमी जाडीच्या एफआर४ (नेहमीच्या काच-इपॉक्सीच्या) सर्किट बोर्डावर २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना, म्हणजे तांब्याच्या चौकोनी तुकड्याचा सपाट अँटेना, डिझाइन केला. सिम्युलेशनमध्ये डिप (परावर्तन सर्वात कमी होतं तो आलेखातला खड्डा) अगदी २.४५ वर आणि मायनस २८ डेसिबल खोल. बोर्ड तयार होऊन आला, व्हीएनएला (परावर्तन मोजणाऱ्या नेटवर्क ॲनालायझरला) लावला, तर डिप २.५१ वर सरकलेला आणि खोली जेमतेम मायनस १३. मग या सॉफ्टवेअरवर विसंबायचं तरी किती?

माझं उत्तर असं की सॉफ्टवेअरवर बऱ्यापैकी विसंबा. तुम्ही त्याला जो बोर्ड दिलात तो मात्र कारखान्यातून आलेला बोर्ड नव्हता. मॅक्सवेलची समीकरणं सोडवण्याचं काम आजची चांगली सॉफ्टवेअर इतकं नीट करतात की नेहमीच्या कामात त्यांची स्वतःची चूक सगळ्यात लहान असते. फरक येतो तो मटेरियलच्या आकड्यांतून, तांब्याच्या खऱ्या आकारातून, पोर्ट (सिग्नल मॉडेलमध्ये शिरतो ती जागा) आणि कनेक्टरमधून, आणि खुद्द मोजमापातून. या चौघांचा वाटा वेगवेगळा काढता आला की ‘जुळत नाही’ ही तक्रार उरत नाही, त्याजागी हिशोब येतो.

आधी सॉल्व्हरचं, म्हणजे ही समीकरणं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, बोलू. जिथे मटेरियल म्हणून फक्त हवा आणि धातू आहेत, तिथे ताळमेळ बघण्यासारखा असतो. एक्स बँडची डब्ल्यूआर-९० वेव्हगाइड, म्हणजे लाटा वाहून नेणारी धातूची पोकळ नळी, घ्या. आतली मापं २२.८६ गुणिले १०.१६ मिमी, कटऑफ (जिच्याखाली लाट पुढे जातच नाही ती फ्रीक्वेन्सी) ६.५५७ गिगाहर्ट्झ. इथे कोणताही बरा सॉल्व्हर कागदावरच्या सूत्राशी दशांशाच्या पुढच्या स्थानांपर्यंत जुळतो, आणि मोजमापाशी जो फरक दिसतो तो मशीनिंगचा असतो. रुंद बाजू २० मायक्रॉनने चुकली तर कटऑफ सुमारे ६ मेगाहर्ट्झने हलतो. म्हणूनच एक टक्का बँडविड्थच्या कॅव्हिटी फिल्टरला सिम्युलेशन कितीही अचूक असलं तरी ट्यूनिंग स्क्रू ठेवावेच लागतात. १० गिगाहर्ट्झवर एक टक्का म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. त्यातले दहा-वीस मेगाहर्ट्झ नुसत्या मशीनिंगच्या टॉलरन्समध्ये गेले तर फिल्टरचा आकार बिघडतो.

हे तपासायला जुन्या, पक्क्या कसोट्या आहेत. पातळ अर्धतरंग डायपोलचा इम्पीडन्स ७३ अधिक जे ४२.५ ओहम यायला हवा. धातूच्या गोळ्यावरून होणाऱ्या स्कॅटरिंगचं नेमकं गणिती उत्तर गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये देऊन ठेवलं आहे. रडार क्रॉस सेक्शनसाठी (वस्तू रडारला किती मोठी दिसते त्या मापासाठी) ‘नासा आल्मंड’ नावाचा बदामाच्या आकाराचा, सुमारे २५ सेंटीमीटर लांबीचा नमुना आहे. त्याची मोजलेली वक्ररेषा १९९३ पासून उपलब्ध आहे आणि जगभरचे लोक आपला कोड त्यावर घासून बघतात. नवं सॉफ्टवेअर हातात आलं की यातलं एखादं उदाहरण आधी सोडवून बघा. सॉफ्टवेअर तर तपासलं जातंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण बाउंडरी (मॉडेलची बाहेरची सीमा) आणि पोर्ट नीट लावतोय का, तेही कळतं.

अर्थात सॉल्व्हरची चूक शून्य नसते, आणि ती वापरणाऱ्याच्या हातात असते. केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या एफडीटीडी पद्धतीत अवकाशाचे लहान लहान चौकोनी ठोकळे करतात. एका तरंगलांबीत १० ठोकळे ठेवले आणि टाइम स्टेप नेहमीसारखी निम्म्या कूरँट अंकाची (लाट एका स्टेपमध्ये अर्धा ठोकळा पुढे जाईल एवढी) असली, तर ग्रिडच्या अक्षावर लाटेचा वेग खऱ्या वेगापेक्षा सुमारे १.३ टक्के कमी भरतो. २० ठोकळे ठेवले की तीच चूक ०.३ टक्क्यांवर येते. ‘तरंगलांबीचा दहावा भाग’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो, पण अरुंद बँडच्या रेझोनेटरसाठी तो अपुरा आहे हे या दोन आकड्यांवरूनच दिसतं. शिवाय धातूच्या धारेजवळ क्षेत्र इतकं झपाट्याने बदलतं की तिथे तरंगलांबीचा हिशोब लागूच पडत नाही. तिथल्या भूमितीच्या हिशोबाने मेश, म्हणजे ठोकळ्यांचं जाळं, बारीक करावा लागतो.

फायनाइट एलिमेंट ही दुसरी पद्धत वापरत असाल तर सॉफ्टवेअर आपणहून मेश सुधारत जातं आणि दोन फेऱ्यांमधला एस-पॅरामीटरचा (परावर्तित आणि पुढे जाणाऱ्या लाटेच्या प्रमाणाचा) बदल ०.०२ च्या खाली गेला की थांबतं. हा आकडा अनेकजण ‘चूक ०.०२ आहे’ असा वाचतात. त्याचा अर्थ एवढाच की शेवटच्या दोन फेऱ्यांत उत्तर फारसं हललं नाही, आणि तेही ज्या फ्रीक्वेन्सीवर मेश जुळवला त्या फ्रीक्वेन्सीवर. अरुंद डिपच्या बाजूला कुठेतरी मेश जुळवला असेल तर डिप अजून सरकायचा राहिलेला असू शकतो. म्हणून मी दरवेळी एक रन जास्तीचा करतो. निकष ०.०२ वरून ०.००५ वर आणतो, रेडिएशन बाउंडरी पाव तरंगलांबीवरून अर्ध्या तरंगलांबीवर नेतो, आणि डिप किती सरकतो ते लिहून ठेवतो. जेवढा सरकला तेवढी माझ्या सिम्युलेशनची गणिती अनिश्चितता धरतो. तुमच्या पॅचसाठी ती पाच मेगाहर्ट्झच्या आत असायला हरकत नाही. तुमचा फरक आहे ६० मेगाहर्ट्झचा.

आता ते ६० मेगाहर्ट्झ कुठून आले ते पाहू. सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत एफआर४ निवडला की डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (मटेरियल लाटेला किती मंदावतं ते ठरवणारा आकडा) बहुधा ४.४ येतो. तुम्ही तो बदलल्याचं लिहिलेलं नाही, म्हणजे तोच असणार. एफआर४ हे एक मटेरियल नाहीच. काचेचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी यांच्या मिश्रणांचा तो एक गट आहे. काचेचा कॉन्स्टंट सहाच्या पुढे, राळेचा तीनच्या आसपास. कापड कोणतं आणि राळ किती यावर बोर्डाचा आकडा ठरतो. गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो ४.२ ते ४.६ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो, आणि कारखान्याने पुढच्या खेपेला दुसऱ्या कंपनीचा लॅमिनेट (बोर्डाचा मूळ पत्रा) वापरला तर तोही बदलतो.

पॅचची फ्रीक्वेन्सी साधारणपणे कॉन्स्टंटच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात जाते. ४.४ ऐवजी ४.२ धरून इफेक्टिव्ह कॉन्स्टंट (बोर्ड आणि हवा मिळून लाटेला जाणवणारा) काढला तर ४.०८ चा ३.९० होतो आणि फ्रीक्वेन्सी २.३ टक्क्यांनी वर जाते. २.४५ चे २.३ टक्के म्हणजे ५६ मेगाहर्ट्झ. एवढ्या एकाच आकड्यात तुमचा जवळजवळ सगळा फरक बसतो. उरलेल्यासाठी तांब्याकडे बघा. पॅचची लांबी २९ मिमीच्या जवळ आहे. एचिंगमध्ये दोन्ही धारा प्रत्येकी ०.०५ मिमी जास्त खाल्ल्या गेल्या तर आणखी ८ मेगाहर्ट्झ वर. बोर्डाची जाडी दहा टक्के कमी-जास्त असणं नेहमीचं आहे. त्याचा परिणाम पाचेक मेगाहर्ट्झचा, कारण जाडीमुळे फ्रिंजिंग (क्षेत्राचं धारेबाहेर फुगणं) वाढतं तसा इफेक्टिव्ह कॉन्स्टंट घटतो आणि दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे खातात. पॅचवर हिरवा सोल्डर मास्क असेल तर तो उलट दिशेने, म्हणजे खाली खेचतो. पट्टीने नव्हे, मायक्रोस्कोपखाली किंवा निदान व्हर्नियरने पॅचची खरी लांबी मोजा. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि एक कारण कायमचं निकालात निघतं.

महागडा मायक्रोवेव्ह लॅमिनेट घेतला म्हणजे हा प्रश्न सुटला असंही समजू नका. आरओ४३५०बी या लॅमिनेटचं उदाहरण मी शिकणाऱ्यांना नेहमी दाखवतो. त्याच्या डेटाशीटवर दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले आहेत: प्रोसेस व्हॅल्यू ३.४८ अधिक-उणे ०.०५, आणि डिझाइनसाठी ३.६६. पहिला आकडा कारखान्यातल्या क्लॅम्प केलेल्या स्ट्रिपलाइन (दोन ग्राउंड थरांमधल्या पट्टीच्या) चाचणीतून येतो आणि बोर्डाच्या जाडीच्या दिशेचा असतो. दुसरा प्रत्यक्ष मायक्रोस्ट्रिप (बोर्डाच्या पृष्ठभागावरच्या तांब्याच्या पट्टीच्या) लाइनवरच्या फेज मोजमापातून काढलेला आहे. दोघांमध्ये पाच टक्क्यांचा फरक, म्हणजे फ्रीक्वेन्सीत अडीच टक्के. कोणताही आकडा खोटा नाही. दोन वेगळ्या परिस्थितीतले आहेत. क्लॅम्पमध्ये हवेची बारीक फट राहते आणि आकडा खाली जातो. मायक्रोस्ट्रिपमध्ये तांब्याच्या खडबडीत पृष्ठभागामुळे लाट किंचित मंदावते आणि कॉन्स्टंट जास्त असल्यासारखा दिसतो. लॅमिनेट जितका पातळ तितका हा परिणाम ठळक. म्हणजे तुमच्या रचनेत विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेला आहे आणि तांबं कसं आहे हे बघूनच आकडा निवडायला हवा. सॉफ्टवेअर हा निर्णय तुमच्यासाठी घेत नाही.

डिपच्या खोलीबद्दल मात्र तुम्ही जेवढी काळजी करताय तेवढी करण्यासारखं काही नाही. मायनस २८ म्हणजे परावर्तित ताकद ०.१६ टक्के. मायनस १३ म्हणजे ५ टक्के. अँटेनात जाणाऱ्या ताकदीत फरक पडला सुमारे ०.२ डेसिबलचा, जो तुमच्या लिंकमध्ये कुठेही दिसणार नाही. डेसिबलच्या मोजपट्टीवर ही दोन टोकं वाटतात, पण स्मिथ चार्टवर (इम्पीडन्स दाखवणाऱ्या गोल आलेखावर, ज्याचं केंद्र म्हणजे ५० ओहम) दोन्ही बिंदू केंद्राच्या आसपासच आहेत. मायनस १३ ला रेझोनन्सवरचा रोध साधारण ७९ किंवा ३२ ओहम येतो. त्याचं कारण फीडची (सिग्नल पॅचला जोडतो त्या बिंदूची) जागा अर्धा मिलिमीटर हलणं असू शकतं किंवा लॉस टँजंट (बोर्डात ऊर्जा किती वाया जाते तो आकडा) ०.०२ ऐवजी कमी असणं. लॉस कमी असला की पॅचच्या धारेवरचा रोध वाढतो आणि ५० ओहमसाठी काढलेली फीडची जागा चुकीची ठरते. यातलं नेमकं कुठलं हे मॅग्निट्यूडच्या आलेखावरून कधीच कळत नाही. स्मिथ चार्टवर दोन्ही वक्र एकावर एक ठेवा. वळसा लहान-मोठा झालाय की नुसता फिरलाय, एवढं बघितलं तरी अर्धं निदान होतं. वळसा फिरलेला असेल तर तो रेफरन्स प्लेनचा, म्हणजे मोजमाप कुठून सुरू धरलंय याचा, मामला: सिम्युलेशनचा पोर्ट बोर्डाच्या कडेला आहे आणि व्हीएनएचं कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला, मधला एसएमए कनेक्टर हिशोबात आलेलाच नाही. टेफ्लॉनने भरलेला एक सेंटीमीटर कनेक्टर १० गिगाहर्ट्झवर नुसत्या एकेरी प्रवासात जवळजवळ १७४ अंश फेज खातो. २.४५ वरही ही रक्कम दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

लॉसचा ताळमेळ फ्रीक्वेन्सीपेक्षा नेहमीच वाईट असतो, आणि मोजमापात लॉस बहुतेक वेळा जास्तच निघतो. तांब्याची स्किन डेप्थ (करंट पृष्ठभागाखाली जेवढ्या खोलीत वाहतो ती) १ गिगाहर्ट्झला सुमारे २.१ मायक्रॉन, १० गिगाहर्ट्झला ०.६६. नेहमीच्या फॉइलचा खडबडीतपणा एक-दोन मायक्रॉन असतो, म्हणजे १० गिगाहर्ट्झला करंटला त्या डोंगरदऱ्यांवरून चढउतार करत जावं लागतं. गुळगुळीत तांबं धरून केलेलं सिम्युलेशन हे बघतच नाही. जुनं हॅमरस्टॅडचं सूत्र वापरलं तर कंडक्टर लॉस फार तर दुप्पट होतो, तिथे ते अडकतं. खऱ्या खडबडीत फॉइलवर उच्च फ्रीक्वेन्सीला लॉस त्याच्याही पुढे जातो, म्हणून हाय-स्पीड डिजिटलवाले हुराईचं मॉडेल वापरतात. बोर्डावर निकेल-गोल्ड फिनिश असेल तर सोन्याच्या अतिपातळ थराखाली काही मायक्रॉन निकेल असतं आणि धारेजवळचा बराच करंट त्यातून वाहतो. शुद्ध निकेलची वाहकताही तांब्याच्या जवळपास एक चतुर्थांशच. हा थर मॉडेलमध्ये ठेवलेला मी फारच क्वचित पाहिला आहे.

आता मोजमापाकडे वळतो, कारण इथे लोक सर्वात कमी शंका घेतात. मोजलेला आकडा म्हणजे सत्य, असं धरून चालतात. व्हीएनए नीट कॅलिब्रेट केल्यावरही त्याची उरलेली डायरेक्टिव्हिटी (खऱ्या परावर्तनातून स्वतःची गळती वेगळी करण्याची क्षमता) ४० डेसिबलच्या आसपास असते असं धरू. मग मायनस २० डेसिबलचा खरा रिटर्न लॉस (परावर्तनाची पातळी) मायनस १९.२ ते २०.९ असा दिसू शकतो. मायनस ३० चा मायनस २७.६ ते ३३.३. आणि मायनस ४० चा? मायनस ३४ पासून थेट अनंतापर्यंत काहीही. त्यामुळे सिम्युलेशन मायनस ३८ सांगतं आणि मोजमाप मायनस ३१, हा विसंवाद आहे असं कोणी म्हटलं तर मी आधी कॅलिब्रेशन किट आणि कनेक्टरचा टॉर्क विचारतो.

छोट्या अँटेनाचं मोजमाप हा तर वेगळाच विषय आहे आणि तिथे थोडं थांबायला हवं. ८६८ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी ३४.५ सेंटीमीटर आहे. तुमचं उपकरण ४० मिमीचं असेल तर बोर्डाची जमीन (ग्राउंडचं तांबं) पाव तरंगलांबीच्याही निम्मी नाही. अशा अँटेनाला परतीचा करंट वाहायला जागा हवी असते, आणि तुम्ही जोडलेली मीटरभर कोअक्स केबल तिला ती जागा देते. करंट केबलच्या बाहेरच्या अंगाने वाहू लागतो, केबल स्वतः रेडिएट करते, आणि मोजमाप बहुतेक वेळा सिम्युलेशनपेक्षा चांगलं दिसतं: बँडविड्थ रुंद, एफिशियन्सी जास्त. अशा वेळी मोजलेला आकडा ज्या उपकरणाचा आहे ते उपकरण तुम्ही विकणार नसता. तपासायची पद्धत अगदी साधी आहे. व्हीएनएवर ट्रेस चालू ठेवा आणि केबल मुठीत धरून हात हळूहळू बोर्डाकडून दूर सरकवत न्या. डिप हातासोबत डोलायला लागला तर केबल अँटेनाचा भाग झालेली आहे. डिप स्थिर राहिला तर निश्चिंत पुढे जा. डोलत असेल तर बोर्डालगत फेराइटचे मणी ओवा किंवा पाव तरंगलांबीची स्लीव्ह बसवा. ते जमत नसेल तर केबल सिम्युलेशनमध्येही घाला, त्याच लांबीची, त्याच वळणाची. केबलसह सिम्युलेशन आणि केबलसह मोजमाप जुळलं की केबलशिवायच्या सिम्युलेशनवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा ट्रान्समीटर बोर्डावरच बसवणं आणि चेंबरमध्ये (लाटा शोषणाऱ्या भिंतींच्या खोलीत) नुसती रेडिएटेड पॉवर मोजणं.

चेंबरमध्येही हेच. चांगल्या चेंबरमध्ये गेन (अँटेना एका दिशेला ताकद किती एकवटतो तो आकडा) अर्ध्या डेसिबलपर्यंत खात्रीने सांगता येतो. त्याहून घट्ट आकडा हवा असेल तर मेहनत आणि खर्च दोन्ही झपाट्याने वाढतात. साइडलोबचं, म्हणजे मुख्य बीमच्या बाजूच्या लहान बीमचं, गणित आणखी कडक आहे. भिंतींवरून येणारं परावर्तन मुख्य बीमच्या ५० डेसिबल खाली असेल, तर मायनस ३० चा साइडलोब जवळपास एक डेसिबलने चुकतो आणि मायनस ४० चा अधिक २.४ ते उणे ३.३ डेसिबलने. अंतरही तपासा. ३० सेंटीमीटरच्या अँटेनाला १० गिगाहर्ट्झवर दोन-डी-वर्ग-भागिले-लॅम्डा (डी म्हणजे अँटेनाचं माप, लॅम्डा म्हणजे तरंगलांबी) या नियमाने ६ मीटर लागतात. तीन मीटरच्या खोलीत मोजलं तर बीमच्या कडेचे नल (जिथे रेडिएशन जवळजवळ शून्य होतं त्या दिशा) बुजलेले दिसतील आणि दोष सॉफ्टवेअरवर जाईल. आणखी एक वारंवार दिसणारी गोष्ट: सिम्युलेशनमधली डायरेक्टिव्हिटी (इथे अँटेनाची: लॉस न धरता काढलेला गेन) आणि चेंबरमधला गेन शेजारी ठेवून तीन डेसिबल कुठे गेले असं विचारणं. एफआर४ पॅचची निम्मी ताकद बोर्डातच उष्णता होऊन जाणं अगदी शक्य आहे. तुलना रिअलाइज्ड गेनशी (लॉस आणि परावर्तन दोन्ही धरलेल्या गेनशी) करा.

कमी फ्रीक्वेन्सीच्या चुंबकीय कामात, म्हणजे मोटर, ट्रान्सफॉर्मर, इंडक्टर, चित्र थोडं वेगळं आहे. क्षेत्राची गणना तिथेही पक्की आहे. ‘टीम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोट्यांमध्ये भोक पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ५० आणि २०० हर्ट्झला मोजलेली फ्लक्सची मूल्यं आहेत आणि चांगले कोड त्यांच्याशी छान जुळतात. पण गॅप नसलेल्या फेराइट कोअरची एएल व्हॅल्यूच (वेढ्यांवरून इंडक्टन्स काढायचा आकडा) अधिक-उणे २५ टक्के टॉलरन्सने येते, तापमानासोबत बदलते ती वेगळीच. पत्रे पंचिंगमध्ये दबले की कोअर लॉस डेटाशीटपेक्षा वाढतो. इथे फ्लक्स आणि टॉर्कवर भरवसा ठेवा, लॉसच्या आकड्यावर भरपूर सैल हात ठेवा.

ईएमसीच्या रेडिएटेड एमिशनमध्ये (उपकरणातून नको असलेल्या लाटा किती बाहेर पडतात या तपासणीत) तर मोजमापाचीच मान्य अनिश्चितता पाच-सहा डेसिबलच्या घरात आहे, आणि मॉडेलमध्ये केबल कशी लोंबकळतेय, झाकणाचा स्क्रू किती आवळलाय, रंग लागलेल्या कडेवर धातूचा संपर्क होतोय की नाही, यातलं काहीच नसतं. सिम्युलेशनने दाखवलेला शिखराचा आकडा मी लिमिटशी ताडून बघत नाही. पण ‘हा स्लॉट आडवा ठेवण्याऐवजी तीन तुकड्यांत तोडला तर किती फायदा’ हे विचारलं की तेच सिम्युलेशन मोलाचं उत्तर देतं. हे सगळीकडे खरं आहे: दोन डिझाइनमधला फरक सिम्युलेशन जितका चांगला सांगतं, तितका एकट्या डिझाइनचा निरपेक्ष आकडा सांगत नाही, कारण मटेरियल आणि आसपासच्या चुका दोन्हीकडे सारख्याच असतात आणि वजाबाकीत बऱ्याचशा निघून जातात.

तर मग किती जुळलं म्हणजे चांगलं? मी माझ्या कामात असे पट्टे धरतो. हवा आणि धातूच्या रचनेत रेझोनन्स ०.१ टक्क्यापर्यंत, मोजलेली भूमिती मॉडेलमध्ये घातल्यावर. चांगल्या लॅमिनेटवर योग्य कॉन्स्टंट घेऊन अर्धा ते एक टक्का. अनोळखी एफआर४ वर दोन-तीन टक्के, आणि तुमचे २.४ टक्के याच पट्ट्यात आहेत. मुख्य बीमचा आकार जवळजवळ रेघेवर रेघ. गेन अर्धा ते एक डेसिबल. खोल नल, क्रॉस-पोलरायझेशन (नको त्या आडव्या दिशेच्या क्षेत्राचं रेडिएशन) आणि मायनस ३० च्या खालचं काहीही: फक्त साधारण पातळी बघायची, आकडा नाही. हे आकडे माझ्या हातून गेलेल्या कामातले आहेत, कुठल्या मानकातले नाहीत.

मोजलेला आलेख हाती आला की मॉडेलचा कॉन्स्टंट, लॉस, जाडी, फीड यांना थोडं थोडं हलवून दोन्ही वक्र एकावर एक बसवण्याचा मोह फार होतो. त्याबद्दल माझं मत कडक आहे. चार खुंट्या हातात असतील तर एक वक्र कशानेही जुळवता येतो, आणि तो जुळला म्हणून त्या खुंट्यांचे आकडे खरे ठरत नाहीत. ४.२ कॉन्स्टंट आणि बरोबर लांबी यांनी जे २.५१ येतं, तेच ४.३ कॉन्स्टंट आणि ०.४ मिमी आखूड पॅच यांनीही येतं. पुढच्या डिझाइनमध्ये दोघांची भाकितं वेगळी निघतील. मॉडेल मोजमापाला जुळवायला हरकत नाही, पण मग त्याच आकड्यांनी दुसऱ्या, वेगळ्या आकाराच्या रचनेचं भाकीत आधी लिहून ठेवा आणि नंतर मोजा. ते जुळलं तरच ते आकडे वापरण्याजोगे. लेखांमध्ये ‘उत्तम जुळणी’ असं लिहून दोन वक्र छापतात, त्यातही वाचताना मी पहिल्यांदा हेच शोधतो की मॉडेल मोजमापाच्या आधीचं आहे की नंतरचं.

दोन वक्र किती जुळतात हे नजरेवर सोडायचं नसेल तर आयईईई १५९७.१ हे २००८ मध्ये पहिल्यांदा आलेलं मानक आहे. त्यातली फीचर सिलेक्टिव्ह व्हॅलिडेशन पद्धत आलेखाचा सर्वसाधारण उतार आणि बारीक चढउतार वेगळे करते आणि दोन्हींना स्वतंत्र गुण देते. अनेक अनुभवी लोकांची नजर जो कौल देईल त्याच्या जवळ जाणारा कौल ती देते. रोजच्या कामात मी ती वापरत नाही. ग्राहकाला अहवाल द्यायचा असेल किंवा दोन प्रयोगशाळांमध्ये वाद असेल तेव्हा मात्र ती उपयोगी पडते.

गोंधळ खूपच असेल तर आणखी एक युक्ती करून बघा. तेच मॉडेल दुसऱ्या पद्धतीच्या सॉल्व्हरमध्ये टाका. तुमचं फायनाइट एलिमेंटचं असेल तर ओपनईएमएस हे मुक्त सॉफ्टवेअर एफडीटीडीवर चालतं. दोन वेगळ्या पद्धती एकमेकींशी जुळल्या आणि मोजमापाशी दोघीही जुळल्या नाहीत, तर सॉल्व्हर बाजूला ठेवून इनपुट तपासा. दोघीच आपसात जुळल्या नाहीत, तर आधी मेश आणि पोर्ट; मोजमापाकडे जायची अजून वेळ आलेली नाही.

तुमच्या बोर्डाबद्दल पुढचं काम सांगतो. पॅचची लांबी, रुंदी आणि बोर्डाच्या कडेवरून जाडी मोजा आणि मोजलेले आकडे मॉडेलमध्ये घाला. एसएमए कनेक्टर मॉडेलमध्ये ठेवा आणि पोर्ट त्याच्या तोंडावर न्या. मास्क असेल तर तोही. मग फक्त डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ४.१ पासून ४.५ पर्यंत पाच पायऱ्यांत बदलून पाच वक्र काढा. मोजलेला वक्र या पट्ट्यात कुठे बसतो ते दिसेल. माझा अंदाज ४.२ च्या आसपास. पुढची बोर्ड ऑर्डर देताना पॅनेलच्या रिकाम्या कोपऱ्यात एक रिंग रेझोनेटर (तांब्याच्या पट्टीचं कडं) आणि दोन वेगवेगळ्या लांबीच्या ५० ओहम लाइन टाका, जागा नाममात्र लागते. रिंगमधून कॉन्स्टंट मिळतो. दोन लाइनच्या फरकातून दर सेंटीमीटरचा लॉस मिळतो आणि कनेक्टरचा वाटा आपोआप वजा होतो. पॅच मोजायच्या आधी हे दोन आकडे काढा, मॉडेलमध्ये टाका, भाकीत आणि त्याचा पट्टा तारखेसह लिहून ठेवा आणि मग पॅचला केबल जोडा. मोजलेला डिप त्या पट्ट्यात पडला नाही, तर स्मिथ चार्टवरचे दोन्ही वक्र, कॅलिब्रेशन कुठे केलं ते आणि मोजलेली मापं पाठवा. तिथून पुढे बघू.